स्काऊट-गाईड कुठून आलं आणि पोरांना त्याचा काय उपयोग: पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवतो आणि बरीच वर्षं झाली स्काऊट पथक चालवतो. जून आला की पालकांचे फोन, नवीन रुजू झालेल्या शिक्षकांचे मेसेज, आणि प्रश्न जवळपास तेच तेच असतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

स्काऊट म्हणजे नेमकं काय हो सर? २६ जानेवारीची परेड आणि गळ्यात स्कार्फ, एवढंच ना?

नाही हो, परेड हा त्यातला अगदी छोटा भाग आहे, पण लोकांना तेवढाच दिसतो कारण तो मैदानावर सगळ्यांसमोर होतो. स्काऊट हा शब्द मूळचा सैन्यातला, फौजेच्या पुढे जाऊन वाट कशी आहे, पाणी कुठे आहे, समोर कोण आहे हे बघून येणारा माणूस. एकटा असतो, त्याच्या डोक्यावर कुणी साहेब उभा नसतो, त्यामुळे त्याला स्वतःच बघावं लागतं आणि स्वतःच ठरवावं लागतं. मुलांच्या स्काऊटिंगने सैन्यातून एवढीच गोष्ट उचलली आणि बंदूक तिथेच सोडली. आमच्या आजोबांच्या पिढीत याला 'बालवीर' म्हणायचे आणि मुलींना 'वीरबाला', जुन्या लोकांना विचारा, अजून आठवतं त्यांना.

माझ्या मते स्काऊटिंग म्हणजे सहा-आठ पोरांचा एक संघ, त्यांच्यातलंच एक पोर त्यांचा नायक, आणि त्यांच्यावर सोपवलेलं खरं काम. बाकी गाठी, टाळ्या, बॅज, शेकोटी हे सगळं त्याभोवती येतं.

हे सुरू कुणी केलं?

रॉबर्ट बेडन-पॉवेल नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने. जगभरचे स्काऊट त्याला नुसतं 'बीपी' म्हणतात. जन्म २२ फेब्रुवारी १८५७, लंडनचा. आता यात आपल्याकडचा धागा बघा, हा माणूस १८७६ मध्ये तरुण अधिकारी म्हणून पहिल्यांदा आला तो लखनौला. पुढे १८९७ पासून तो मेरठला एका घोडदळाच्या रेजिमेंटचा प्रमुख होता आणि तिथे त्याने जवानांना लहान लहान तुकड्यांत विभागून टेहळणी शिकवायला सुरुवात केली, माग काढणं, नकाशा वाचणं, ताऱ्यांवरून दिशा ओळखणं वगैरे. जो शिकून तयार होईल त्याला एक बिल्ला मिळायचा. म्हणजे छोटी तुकडी, स्वतःच्या डोक्याने काम आणि शिकल्याचा बिल्ला, या तिन्ही गोष्टी मुलांपर्यंत पोचायच्या आधी मेरठच्या छावणीत घडलेल्या आहेत. याच विषयावर जवानांसाठी त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं जे १८९९ मध्ये छापून आलं.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि बोअर (तिथले डच वंशाचे गोरे) यांच्यात युद्ध पेटलं. मॅफेकिंग नावाच्या गावाला बोअर सैन्याने वेढा घातला आणि तो २१७ दिवस चालला, ऑक्टोबर १८९९ ते मे १९००. आत बीपी होता. माणसं कमी पडायला लागली तेव्हा गावातल्या पोरांची एक तुकडी केली गेली, निरोप पोचवायचे, टेहळणीला बसायचं, दवाखान्यात मदत करायची. वॉर्नर गुडइयर नावाचा मुलगा त्यांचा सार्जंट मेजर. वेढ्यात गावापुरती टपाल तिकिटं छापली गेली, त्यातल्या एकावर हाच मुलगा सायकलवर बसलेला आहे. बीपीच्या मनात एक गोष्ट कायमची बसली, की पोरावर विश्वास टाकून खरं काम दिलं तर ते मोठ्या माणसासारखं करतं.

हा भाग सांगताना एक गोष्ट मी वर्गात कधी गाळत नाही. त्या वेढ्यात गावचे मूळचे आफ्रिकन लोक, बारोलाँग समाजाचे, तेही लढले आणि उपासमारीत सगळ्यात जास्त होरपळले तेही तेच. सोल प्लातये नावाचा तरुण तिथे कोर्टात दुभाषी होता, त्याने वेढ्याची डायरी लिहून ठेवली. त्या बालतुकडीत मात्र गोऱ्यांचीच मुलं होती.

मग मुलांसाठी कधीपासून?

इंग्लंडला परतल्यावर बीपी हिरो झाला होता आणि त्याच्या लक्षात आलं की जवानांसाठी लिहिलेलं त्याचं पुस्तक शाळेतली पोरं आणि शिक्षकच वाचतायत. त्याच्या आधी ग्लासगोत विल्यम स्मिथ यांनी १८८३ मध्ये 'बॉईज ब्रिगेड' सुरू केली होती, आणि अमेरिकेत अर्नेस्ट थॉम्पसन सीटन हे १९०२ पासून मुलांना जंगलातलं जगणं शिकवत होते. बीपीने या दोघांकडून बरंच घेतलं. शून्यातून काही उगवलेलं नाही.

मग ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउन्सी बेटावर त्याने आठवडाभराचा प्रयोग केला. वीस-बावीस मुलं. त्यातली निम्मी ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतली आणि निम्मी जवळच्या पूल आणि बॉर्नमथ गावांतली, कामगारांच्या घरची. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये ही दोन पोरं एकमेकांशी बोलली पण नसती, इथे एका तंबूत झोपली आणि एका भांड्यातलं खाल्लं. चार संघ केले, लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू नावाचा किनाऱ्यावरचा लांब चोचीचा पक्षी, प्रत्येकाच्या खांद्यावर वेगळ्या रंगाची फीत. सकाळी उठवायला कुडू हरणाचं शिंग फुंकायचे.

जानेवारी १९०८ पासून त्याने 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक पंधरा-पंधरा दिवसांनी सहा भागांत काढलं, एका भागाची किंमत चार पेन्स. पुढे जे झालं ते मला सगळ्यात आवडतं. कुणी संघटना काढायच्या आधीच पोरांनी हे भाग विकत घेतले, चार-सहा जण जमले, आपल्यातला एक नायक केला, काठ्या घेतल्या आणि स्वतःच स्काऊट झाले. संघटना मागाहून आली, ती या पोरांना आवरायला आणि सावरायला.

मुलींचं काय? त्यांना नंतर घेतलं का?

घेतलं म्हणण्यापेक्षा त्या स्वतःहून आल्या. ४ सप्टेंबर १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मोठा मेळावा होता, हजारो मुलं होती, आणि त्यात काही मुली आपल्या आपण युनिफॉर्म शिवून हजर. आम्ही पण स्काऊट आहोत म्हणाल्या. १९१० मध्ये बीपीने बहिणीला, ॲग्नेसला पुढे केलं आणि 'गाईड' सुरू झालं. आमच्या शाळेतल्या गाईडच्या मॅडम ही गोष्ट दरवर्षी पहिल्या मीटिंगला सांगतात आणि पाचवीतल्या मुली ताठ बसतात ऐकताना, मी बघितलंय.

भारतात कधी आलं?

१९०९ मध्ये बंगलोरला. पुढच्या एक-दोन वर्षांत आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला आणि लोणावळ्यालाही तुकड्या निघाल्या, आणि १९११ मध्ये जबलपूरला मुलींचं पहिलं गाईड पथक. पण दार फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी उघडं होतं. भारतीय पोरांना मज्जाव. सरकारला भीती, की या पोरांना शिस्त, नकाशा, टेहळणी आणि एकी शिकवली तर उद्या हीच पोरं आपल्याविरुद्ध उभी राहतील.

मग आपल्या लोकांनी स्वतःचं काढलं. श्रीराम बाजपेयींनी शाहजहानपूरला मुलं जमवली, पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पाठबळावर 'सेवा समिती स्काऊट' उभं राहिलं, तिकडे मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६ मध्ये भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. सेवा समितीची पोरं यात्रेत, कुंभमेळ्यात हरवलेल्यांना शोधायची, गर्दी सांभाळायची. १९२१ मध्ये बीपी भारतात आला तेव्हा बेझंटबाईंची मंडळी मूळ संघटनेत मिसळली, सेवा समिती मात्र वेगळीच राहिली.

स्वातंत्र्य मिळालं तरी दोन-तीन संघटना होत्याच. मौलाना आझाद, कुंझरू, मंगलदास पक्वासा अशा मंडळींनी बैठका घेऊन घेऊन त्या एकत्र आणल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० ला 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गाईडही त्यात आल्या. आपल्याकडचं एक नाव सांगायलाच हवं, विव्हियन बोस, नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश आणि नंतर सुप्रीम कोर्टाचे, हा माणूस न्यायदानाइतकाच स्काऊटिंगमध्ये रमलेला होता.

इंग्रज साहेबाने काढलेलं आपण अजून का चालवायचं?

चांगला प्रश्न आहे आणि नववी-दहावीतली पोरं हा विचारतातच. मी टाळत नाही. बीपी साम्राज्याचा शिपाई होता, त्याच्या लिखाणात त्या काळचा गोऱ्या माणसाचा गर्व आहे. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये पूल गावातला त्याचा पुतळा हलवायचा की नाही यावर मोठा वाद झाला होता. हे सगळं खरं आहे.

पण क्रिकेट कुणी आणलं आणि रेल्वे कुणी आणली असं आपण म्हणत बसत नाही. आपल्या लोकांना दारातून हाकललं तर त्यांनी हीच पद्धत घेऊन यात्रेकरूंच्या सेवेला लावली, म्हणजे ती तेव्हाच आपली झाली. मला बीपीची पूजा करायची नाही, मला त्याची संघपद्धत हवीय.

एनसीसी आणि यात फरक काय?

एनसीसी संरक्षण मंत्रालयाखाली चालतं, १९४८ च्या कायद्याने, तिथे हत्यार हाताळणं आणि लष्करी कवायत शिकवतात. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) १९६९ मध्ये आलं, मुख्यतः कॉलेजसाठी. आरएसपी (रोड सेफ्टी पेट्रोल) वाहतुकीपुरतं. स्काऊट-गाईडमध्ये हत्यार नाही, आणि पहिलीतलं पोर पण येऊ शकतं. ज्याला पुढे फौजेत जायचंय त्याने एनसीसी जरूर करावं.

कुठल्या वयापासून घेता?

अगदी छोट्यांचं बनी, साधारण तीन वर्षांपासून. मग दहा वर्षांपर्यंत मुलांचं कब आणि मुलींचं बुलबुल, दहाच्या पुढे स्काऊट आणि गाईड, आणि कॉलेजच्या वयात रोव्हर आणि रेंजर, ते पंचवीसपर्यंत.

कबचं एक सांगतो कारण ते आमच्या अगदी दारातलं आहे. १९१६ मध्ये लहान मुलांसाठी काहीतरी हवं म्हणून बीपीने किपलिंगच्या मोगलीच्या गोष्टी घेतल्या. म्हणून त्या गोष्टीतल्या लांडग्यांच्या नायकावरून कबच्या शिक्षकाला आजही जगभर 'अकेला' म्हणतात, जपानात पण अकेला आणि ब्राझीलमध्ये पण अकेला. हा किपलिंग जन्मलेला मुंबईत, १८६५ साली, आणि मोगलीचं जंगल म्हणजे शिवनीचं, आमच्या नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालं की पेंच ओलांडून लागतं तेच. आमच्या कबच्या पोरांना पेंचला नेलं होतं तेव्हा सांगितलं की बाबांनो, जगातले सगळे कब ज्या जंगलाची गोष्ट ऐकतात ते हे. एक दुसरीतला मुलगा बसच्या खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अकेलाऽऽ". आत घ्यायला लावलं डोकं, पण मला फार बरं वाटलं.

संघपद्धत संघपद्धत म्हणता, ती काय असते?

सहा ते आठ मुलांचा एक संघ. असे दोन ते चार संघ मिळून पथक. संघनायक मुलांमधलाच, तेरा-चौदा वर्षांचा. संघाचं नाव, झेंडी, आरोळी स्वतःची. कुणी काय आणायचं, चूल कोण पेटवणार, पाणी कोण भरणार, ओल्या लाकडाचं काय करायचं, हे संघनायकाने ठरवायचं. सगळ्या संघनायकांची मिळून एक सभा असते, तिथे पथकाचा कार्यक्रम ठरतो आणि स्काऊट मास्तरने तिथे शक्यतो ऐकायचं.

हे ऐकायला सोपं आहे पण मोठ्या माणसाला फार जड जातं. मला पहिली दोन-तीन वर्षं जमलंच नाही, कारण शिक्षक म्हणून सवयच अशी की पोर चुकायच्या आधी आपण हात घालतो. एका शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक होता. पळसाच्या पानात पानगे, निखाऱ्यात कांदे-बटाटे आणि वांगं. एका संघाने गोवऱ्या नीट पेटायच्या आतच पानगे ठेवले, वर धूर, आत कच्ची कणीक. मला लांबून दिसत होतं. मी उठलो आणि परत बसलो. त्यांचा संघनायक आठवीतला, बोलताना अडखळणारा, वर्गात कधी हात वर न करणारा. त्याने एक पानगा फोडून बघितला, हाताला चिकटला. तो काही वेळ नुसता चुलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "क-काढा सगळे. जाळ होऊ द्या. निखारे झाले की मग." दोघांना शेजारच्या संघाकडे अजून दोन गोवऱ्या मागायला पाठवलं. जेवायला त्यांना रात्रीचे दहा वाजले. पळसाची पानं करपून काळी झाली होती पण आतला पानगा खरपूस, त्यावर तूप. त्याने आधी सगळ्यांना वाढलं, सगळ्यात छोट्या पोराला दोन दिले आणि स्वतः शेवटी बसला. हे त्याला मी शिकवलं नव्हतं.

तो मुलगा अजूनही अडखळतो, ते काही गेलं नाही. पण सकाळच्या हजेरीला "संघ हजर" असा रिपोर्ट त्याने द्यायचा असतो आणि सगळं पथक शांत उभं राहून तो पूर्ण होईपर्यंत थांबतं.

गाठी शिकून आजच्या काळात काय उपयोग?

रीफ नॉट घ्या. उजवी डावीवर, मग डावी उजवीवर. चुकून दोन्ही वेळा उजवीच वर गेली तर गाठ आडवी पडते आणि ताण आला की सरकते. नीट मारली तर एकदम सपाट बसते, म्हणून बँडेज बांधताना हीच वापरतात, रुग्णाला टोचत नाही, आणि सोडताना एक टोक ओढलं की सुटते. स्कार्फ घडी करून त्रिकोणी बँडेज होतो, हाताची झोळी होते. म्हणून तो गळ्यात असतो, शोभेपुरता नसतो.

आणि दुसरं म्हणजे ज्या पोराला गणित येत नाही ते पोर खांबाला दोरी बांधायची क्लोव्ह हिच गाठ डोळे मिटून मारतं, आणि वर्गातला पहिला नंबर त्याला म्हणतो की मला दाखव ना परत एकदा. हे मला फार मोलाचं वाटतं.

तसाच 'किमचा खेळ', हाही किपलिंगच्याच गोष्टीतून आलेला. ताटात वीस-चोवीस वस्तू, चावी, बटण, सुपारी, पेनाचं टोपण, मिनिटभर बघायचं, वरून कापड, मग आठवून लिहायचं. घरी करून बघा, खर्च काहीच नाही, आणि मोबाईलवर डोळे थकलेल्या पोरांना सुरुवातीला सहा-सात वस्तूंच्या पुढे आठवत नाही पण महिनाभरात पंधरा-सोळापर्यंत जातात.

'खरी कमाई' म्हणजे काय? माझ्या मुलाला बाजारात उभं करणार का?

हो, पण एकटं नाही आणि जबरदस्तीने नाही. काम करून पैसे मिळवायचे, मागून आणायचे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी पोरं लिंबू सरबत विकतात, सायकली धुतात, कुणी शिक्षकांच्या गाड्या पुसतं. जमाखर्च वहीत लिहायचा, लिंबं कितीची, साखर कितीची, उरले किती.

पालकांची एक तक्रार दरवेळी येते, "आमच्या पोराला आम्ही काय कमी केलंय का म्हणून त्याने सरबत विकायचं?" मी त्यांना म्हणतो की एकदा येऊन लांबून बघा. बापाकडून पन्नासची नोट सहज मागणारं पोर स्वतःच्या कमाईची दहाची चुरगळलेली नोट मांडीवर ठेवून हाताने सरळ करत बसतं.

याने खरंच काही फरक पडतो का, की नुसतं म्हणायचं?

एक अभ्यास सांगतो. ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये एकाच आठवड्यात जन्मलेल्या लोकांचा आयुष्यभर मागोवा घेतला जातोय. एडिनबरा विद्यापीठाच्या लोकांनी त्यातल्या सुमारे ९,८०० जणांची माहिती बघितली, २०१६ मध्ये ते छापून आलं. लहानपणी स्काऊट-गाईडमध्ये असलेल्यांना पन्नाशीत चिंता किंवा मूडचे आजार होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के कमी दिसलं. आता हे स्काऊटमुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, मुलांना तिथे पाठवणारी घरंच वेगळी असू शकतात. पण गरीब घरातल्या मुलांचं मन पुढे जाऊन जास्त बिघडतं असा जो फरक एरवी दिसतो, तो या मुलांमध्ये जवळपास दिसला नाही, आणि ग्रामीण शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा भाग महत्त्वाचा वाटतो.

मार्क मिळतात का? नोकरीत फायदा?

राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्यांना काही ठिकाणी सवलती आहेत, आणि रेल्वे भरतीत स्काऊट-गाईड कोटा आहे. दहावीच्या वाढीव गुणांचे नियम बदलत असतात म्हणून त्या त्या वर्षी शाळेत किंवा जिल्हा स्काऊट-गाईड ऑफिसमध्ये विचारा. पण एक विनंती आहे, फक्त त्यासाठी घालू नका. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, हा तीन-चार वर्षांचा रस्ता आहे आणि नववीत येऊन "सर सर्टिफिकेट कधी मिळेल" विचारणाऱ्या पोराला त्यातलं काहीच लाभत नाही.

वचनात देवाचं नाव घेतात म्हणे. आमच्या घरी चालत नाही.

वचनाचे तीन भाग, ईश्वर आणि देशाप्रती कर्तव्य, दुसऱ्याला मदत, आणि स्काऊटचे नियम पाळणं. तीन बोटांचा सॅल्यूट याच तिन्हीची आठवण. भारतात 'ईश्वर'ऐवजी 'धर्म' म्हणायची मुभा आहे, ते अधिकृत आहे. आणि हे सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी आहे, आमच्या शिबिरात सर्वधर्म प्रार्थना होते. नियम एकूण नऊ, त्यातला पहिला स्काऊट विश्वासू असतो हा. मी पोरांना म्हणतो की एवढा एक जमला तरी मला पुरे.

शिबिरात मुलं सुरक्षित असतात ना?

हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका, उलट न विचारणारे पालक बघून मला काळजी वाटते. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यांमुळे अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेला २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली आणि त्यानंतर तिच्यावर ८० हजारांहून जास्त दावे आले. कित्येक वर्षं लोकांनी झाकून ठेवलं, त्याचा हा परिणाम. जिथे मुलं मोठ्यांवर विश्वास टाकतात तिथे हे होऊ शकतं हे मान्य करूनच पुढे जायचं.

आमच्याकडे पाळतो ते सांगतो. कुठलाही मोठा माणूस एका मुलासोबत एकटा राहणार नाही, दोन मोठे लागतातच. मुलींसोबत मॅडम असल्याशिवाय शिबिर नाही. मोठ्यांचा तंबू वेगळा. लेखी परवानगी, मुलाची औषधं आणि ॲलर्जी लिहून घेतलेली, जवळचा दवाखाना आधी बघून ठेवलेला. पोहायला, विहिरीवर, धरणावर परवानगीशिवाय नाही. तुमच्या मुलाचे सर यातलं काही सांगू शकत नसतील तर पाठवू नका.

खर्च किती येतो?

नोंदणीची फी नाममात्र असते, मुख्य खर्च युनिफॉर्मचा. आम्ही जुने युनिफॉर्म शाळेच्या कपाटात जमा करतो, धुवून इस्त्री करून पुढच्याला. ज्याला तेही नाही जमलं त्याला स्कार्फ देतो आणि काम सुरू. युनिफॉर्म नाही म्हणून पोर लाईनच्या बाहेर उभं राहिलेलं मला चालत नाही, ब्राउन्सीच्या बेटावर तरी कुठे होता युनिफॉर्म.

आमच्या शाळेत पथक आहे म्हणतात पण मुलगा म्हणतो काहीच होत नाही.

हे दुखणं खूप ठिकाणी आहे आणि मला याचा राग येतो. मी आधी एका शाळेत होतो तिथे नोंदणी व्हायची, फी जमा व्हायची, रजिस्टर टापटीप असायचं, आणि वर्षभरात एक मीटिंग नाही. पाहुणे आले की पोरांना स्कार्फ घालून गेटवर गुलाबाची फुलं घेऊन उभं करायचे, उन्हात. त्या पोरांना विचारलं की स्काऊट म्हणजे काय, तर म्हणाली स्वागत करतात ते.

तुम्ही पालक म्हणून तीन गोष्टी विचारा. मीटिंग आठवड्यात कुठल्या दिवशी असते? माझ्या मुलाच्या संघाचं नाव काय आणि संघनायक कोण? या वर्षी एक रात्र तरी मुक्कामाचं शिबिर झालं का? भांडू नका, नुसतं विचारा. दोन-तीन पालकांनी विचारलं तरी पुष्कळ हलतं.

मी नवीन शिक्षक आहे, पथक सुरू करायचंय. काय करू?

आधी जिल्हा ऑफिसमध्ये जिल्हा संघटकांना भेटा, मुंबईत असाल तर शिवाजी पार्कचा स्काऊट हॉल माहीतच असेल. देशात एकाहून जास्त संघटना आहेत, जागतिक संघटनेशी जोडलेली 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' आहे, नोंदणी करताना नाव नीट वाचा. मग बेसिक कोर्स करा, साधारण आठवड्याचा, निवासी, तुम्हालाही संघात राहावं लागतं आणि पहाटे भांडी घासावी लागतात. पुढे ॲडव्हान्स आणि मग हिमालय वुड बॅज, हे स्काऊट मास्तरांसाठीचं वरचं प्रशिक्षण. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे, जमलं तर पावसाळ्यानंतर जा.

सुरुवातीला बत्तीस पोरं घेऊ नका. आठच घ्या, एकच संघ. त्यांना सहा महिने नीट घडवा, मग तेच पुढच्या संघांचे नायक होतात. आणि पहिलं शिबिर शाळेच्या मैदानातच ठेवा, एक रात्र, कारण पोर रडलं तर घर जवळ असतं.

मुलगी गाईड आहे, तिला पुढे काही संधी?

पुण्याला जा एकदा. आळंदी रस्त्यावर 'संगम' आहे, जगभरच्या गाईड मुलींचं केंद्र, १९६६ मध्ये उघडलं तेव्हा बीपींच्या पत्नी लेडी ओलेव्ह स्वतः आल्या होत्या. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. जगात अशी मोजकीच केंद्रं आहेत, स्वित्झर्लंड, लंडन, मेक्सिको अशा ठिकाणी, आणि त्यातलं एक आपल्या पुण्यात, तरी आपल्याच मुलींना माहीत नसतं. ओलेव्ह आणि बीपी दोघांचा वाढदिवस २२ फेब्रुवारी, त्या दिवशी जगभर 'चिंतन दिन' पाळतात.

डाव्या हाताने का हात मिळवता?

आफ्रिकेतली एक गोष्ट सांगतात, की ढाल डाव्या हातात असते आणि शूर माणूस समोरच्यावर विश्वास म्हणून ती बाजूला ठेवून डावा हात पुढे करतो. गोष्ट म्हणून पोरांना फार आवडते. आणि अनोळखी गावात, रेल्वेच्या डब्यात, कुणी अचानक डावा हात पुढे केला की कळतं, हा पण आपल्यातला.

मुलगा एकदम लाजाळू आहे, पाठवू का?

पाठवा. पहिल्या मीटिंगला तुम्ही गेटपर्यंत या आणि मग घरी जा, कंपाउंडला उभं राहून बघू नका, त्याचं लक्ष तुमच्याकडेच राहतं. आमची मीटिंग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर असते. सोबत पाण्याची बाटली, एक वही आणि दोन मीटर सुती दोरी द्या, नायलॉनची नको, तिच्यावर गाठ बसत नाही.